पक्ष आणि पुरावा : आयडा बी. वेल्स यांच्यावरील आक्षेपांचा परामर्श

जो पीडितांचा कैवार घेऊन झगडतो, त्याच्या लेखणीवर सत्यासाठी विसंबू नये, अशी एक समजूत विद्येच्या आणि वृत्तपत्रांच्या जगात दीर्घकाळ रूढ आहे. चळवळ करणाऱ्यापाशी तळमळ असते पण तोल नसतो आणि तटस्थ निरीक्षकापाशी तोल असतो, म्हणून साक्ष तटस्थाचीच ग्राह्य धरावी, असा या समजुतीचा निष्कर्ष आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय पत्रकार आणि वर्णन्यायाच्या पुरस्कर्त्या आयडा बी. वेल्स (1862–1931) यांच्या चार दशकांहून अधिक काळच्या कार्याकडे बराच काळ याच दृष्टीने पाहिले गेले. त्यांच्या निर्भयतेचे कौतुक झाले, परंतु त्यांच्या लेखनाला इतिहासाचे साधन किंवा शोधपत्रकारितेचा वस्तुपाठ म्हणून मान मिळण्यास त्यांच्या मृत्यूनंतरही कित्येक दशके जावी लागली. वेल्स यांच्यावर घेतल्या गेलेल्या चार प्रमुख आक्षेपांचे येथे क्रमाने खंडन करावयाचे असून, त्यातून एका सिद्धान्ताचे मंडन करावयाचे आहे. तो सिद्धान्त असा की, पक्ष घेणे आणि पुरावा पाळणे यांत स्वभावतः विरोध नाही, आणि वेल्स यांच्या बाबतीत तर त्यांनी पक्ष घेतला म्हणूनच त्यांचा पुरावा समकालीन तटस्थांच्या पुराव्याहून अधिक काटेकोर झाला.

आक्षेपांकडे वळण्यापूर्वी ज्या प्रश्नाभोवती हे सारे कार्य उभे राहिले, तो समजून घेणे आवश्यक आहे. लिंचिंग म्हणजे न्यायालयात आरोप सिद्ध होण्याची वाट न पाहता, किंबहुना अनेकदा आरोपही नसताना, जमावाने एखाद्या माणसाला पकडून किंवा तुरुंगातून ओढून काढून ठार मारणे. मराठीत अलीकडे यासाठी ‘झुंडबळी’ हा शब्द वापरला जातो. 1865 साली यादवी युद्ध संपून गुलामगिरी नष्ट झाल्यानंतर दक्षिणेकडील राज्यांत पुनर्रचनेचा कालखंड आला. या काळात मुक्त झालेल्या गुलामांना नागरिकत्व आणि पुरुषांना मताधिकार मिळाला. परंतु 1877 मध्ये संघ सरकारने दक्षिणेतील उरलेल्या लष्करी तुकड्यांचे संरक्षण काढून घेतले आणि 1883 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1875 चा नागरी हक्क कायदा रद्दबातल ठरवला. कायद्याने दिलेले हक्क कायद्यानेच हिरावून घेण्यास वेळ लागत होता, तेवढ्या अवधीत दहशतीने ते काम केले. टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार 1882 ते 1968 या काळात 4743 माणसे अशा प्रकारे मारली गेली आणि त्यांपैकी 3446 कृष्णवर्णीय होती.

वेल्स यांचा जन्म 16 जुलै 1862 रोजी मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज या गावी गुलामगिरीतच झाला. 1878 च्या पीतज्वराच्या साथीत आईवडील आणि एक तान्हा भाऊ दगावल्यानंतर वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी शिक्षिकेची नोकरी धरून भावंडांचा सांभाळ केला. पुढे टेनेसीत असताना स्त्रियांसाठी राखलेल्या डब्यातून बळाने बाहेर काढल्याबद्दल त्यांनी रेल्वे कंपनीवर दावा लावला. 1884 मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांना 500 डॉलर्सची भरपाई देवविली, परंतु 1887 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. 1889 मध्ये त्या मेम्फिसच्या ‘फ्री स्पीच’ या पत्राच्या भागीदार आणि संपादक झाल्या, आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांच्या दुरवस्थेवर लिहिल्यामुळे 1891 मध्ये त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली. न्यायालय आणि शिक्षणखाते या दोन्ही संस्थांचा अनुभव पदरी घेऊन ही लेखिका पुढच्या लढ्याला सामोरी गेली होती, ही गोष्ट त्यांच्या पुढील लेखनपद्धतीचे मर्म जाणण्यासाठी ध्यानात ठेवली पाहिजे.

पहिला आणि सर्वांत मूलगामी आक्षेप असा की, वेल्स या पक्षकार होत्या, स्वतःच्या मित्राच्या हत्येने त्या पेटून उठल्या होत्या, आणि म्हणून त्यांचे लेखन हे अभ्यास नसून अभियोग आहे. यातील वस्तुस्थितीचा भाग खरा आहे. 9 मार्च 1892 रोजी मेम्फिसमध्ये टॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्ट्युअर्ट या तिघांना जमावाने तुरुंगातून बाहेर काढून गोळ्या घातल्या. मॉस हे टपालवाटप करणारे कर्मचारी आणि ‘पीपल्स ग्रोसरी’ या सहकारी तत्त्वावरील किराणा दुकानाचे एक चालक होते, आणि त्यांच्या कुटुंबाशी वेल्स यांचा घरोबा होता. या तिघांवर कोणत्याही स्त्रीच्या विटंबनेचा आरोप नव्हता. त्यांच्या दुकानामुळे शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटले होते, त्यातून वाद वाढला होता आणि एका रात्री दुकानावर चालून आलेल्या सशस्त्र माणसांवर आतून गोळीबार झाला होता. परंतु या घटनेचा वेल्स यांच्यावर झालेला परिणाम नीट पाहिला, तर आक्षेप उलटतो. लिंचिंग हे बेकायदा असले तरी बलात्कारासारख्या अघोर गुन्ह्याने संतापलेल्या लोकांचे कृत्य असते, ही सार्वत्रिक समजूत तोपर्यंत आपणही स्वीकारली होती, अशी कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. म्हणजे पूर्वग्रह होता तो प्रचलित मताच्या बाजूचा होता आणि तो मोडला तो पुराव्याने. एका ठोस प्रकरणात सर्वमान्य कारण खोटे ठरल्यावर ते इतर प्रकरणांत तरी खरे आहे काय, असा प्रश्न त्यांनी विचारला. आणि सर्वमान्य समजुतीला पडताळणीस लावणे हेच कोणत्याही शास्त्रशुद्ध चौकशीचे पहिले पाऊल असते.

ही पडताळणी त्यांनी कशी केली, हे अधिक महत्त्वाचे आहे. 1882 पासून ‘शिकागो ट्रिब्यून’ हे गोऱ्यांच्या मालकीचे दैनिक वर्षभरातील लिंचिंगच्या घटनांची यादी प्रसिद्ध करीत असे. वेल्स यांनी आपल्या आकड्यांसाठी जाणीवपूर्वक हाच आधार घेतला, कारण कृष्णवर्णीय साक्षीदारांचे म्हणणे अतिशयोक्त म्हणून बाजूला सारले जाईल, हे त्या जाणून होत्या. ऑक्टोबर 1892 मध्ये निघालेल्या ‘सदर्न हॉरर्स’ या पुस्तिकेत त्यांनी दाखवून दिले की, मागील आठ वर्षांत बळी पडलेल्या 728 जणांपैकी केवळ एकतृतीयांश जणांवर बलात्काराचा नुसता आरोप तरी होता. सिद्धतेची गोष्ट तर दूरच. 1895 मधील ‘अ रेड रेकॉर्ड’ या पुस्तकात 1892, 1893 आणि 1894 या वर्षांची कोष्टके त्यांनी दिली. 1892 या एका वर्षात मारल्या गेलेल्या 241 जणांपैकी 160 कृष्णवर्णीय होते, आणि पुढील दोन वर्षांच्या याद्यांत नावांपुढे दिनांक, ठिकाण व कथित कारण नोंदलेले होते. त्या कारणांच्या रकान्यात खून, चोरी आणि जाळपोळ यांच्या आरोपांबरोबर उद्धट बोलण्यासारखी कारणेही आढळतात, आणि काही नावांपुढे तर कोणतेच कारण आढळत नाही. प्रतिपक्षाच्याच दप्तरातून प्रतिपक्षाचा दावा खोडून काढणे ही खंडनाची सर्वांत कठोर रीत होय, कारण तीत पुराव्याच्या सत्यतेबद्दल वाद घालण्यास प्रतिपक्षाला जागाच उरत नाही.

याउलट, ज्यांना तटस्थ म्हटले जात होते त्या वृत्तपत्रांची पद्धत काय होती, हे पाहिले म्हणजे तुलना पूर्ण होते. जमावाने किंवा शेरिफने, म्हणजे जिल्ह्याच्या निर्वाचित पोलीसप्रमुखाने, जे कारण सांगितले ते बातमीत जसेच्या तसे छापायचे आणि मेलेल्या माणसाची बाजू ऐकण्याचा प्रश्नच उद्भवू द्यायचा नाही, अशी ती सर्वसाधारण रीत होती. मारेकऱ्याच्या जबानीवर आधारलेल्या अशा वृत्तान्ताला तटस्थ म्हणणे म्हणजे प्रस्थापिताशी असलेल्या जवळिकीलाच समतोल समजणे होय. तटस्थतेचा हा दोष व्यक्तिगत अप्रामाणिकपणातून आलेला नव्हता. बातमीदार ज्यांच्यात वावरत होता आणि ज्यांच्याकडून माहिती घेत होता त्यांच्या बाहेर जाण्याची गरजच त्याला भासत नव्हती. वेल्स यांना मात्र प्रत्येक वाक्य सिद्ध करावे लागत होते, कारण 21 मे 1892 च्या अग्रलेखात बलात्काराच्या सबबीवर शंका घेतल्याबरोबर मेम्फिसमध्ये त्यांच्या पत्राचे कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आले आणि वेल्स त्या वेळी पूर्वेकडे प्रवासात होत्या म्हणूनच बचावल्या. ज्याचा शब्द कोणी खरा मानणार नाही त्याला पुरावा जपूनच चालावे लागते. 1899 मध्ये जॉर्जियातील सॅम होज याच्या लिंचिंगच्या प्रकरणात शिकागोहून खाजगी गुप्तहेर पाठवून केलेला तपास त्यांनी पुस्तिकेच्या रूपाने लोकांपुढे ठेवला, तो याच जाणिवेतून.

दुसरा आक्षेप असा की, घरचे भांडण त्यांनी परक्यांच्या दारात नेले आणि देशाची बदनामी केली. 1893 आणि 1894 मध्ये वेल्स यांनी इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये व्याख्यानांचे दोन दौरे केले, आणि त्यामुळे दक्षिणेतीलच नव्हे तर उत्तरेतील काही प्रतिष्ठित पत्रांनीही त्यांच्यावर जहरी टीका केली. परंतु घर म्हणजे काय, हा प्रश्न येथे आधी विचारावा लागतो. ज्या शहरात छापखाना मोडला जातो, परतल्यास जिवाची भीती घातली जाते आणि न्यायालयात दाद मिळत नाही, तेथे घरातल्या घरात बोलण्याचे सर्व दरवाजे घरातल्यांनीच बंद केलेले असतात. शिवाय हे दौरे भावनेच्या आवाहनापुरते नव्हते. ब्रिटनच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेतील कापूस विकत घेत होत्या, आणि म्हणून ब्रिटिश लोकमताचा दाब मेम्फिससारख्या कापसाच्या पेठेला जाणवतो, हा हिशेब त्यामागे होता. 1894 मध्ये लंडनमध्ये लिंचिंगविरोधी समिती स्थापन झाली, आणि त्याच वर्षी मेम्फिसजवळ सहा कृष्णवर्णीय कैद्यांची हत्या झाली तेव्हा शहरातील गोऱ्या प्रतिष्ठितांना तिचा जाहीर निषेध करावा लागला. दोनच वर्षांपूर्वी त्याच शहराने हत्येचा निषेध करणारे पत्र बंद पाडले होते.

या दौऱ्यांच्या कथेत मराठी वाचकाला दोन ठिकाणी थांबावेसे वाटेल. वेल्स यांना ब्रिटनमध्ये बोलावण्यात पुढाकार घेणाऱ्या कॅथरीन इम्पी या क्वेकर पंथाच्या बाईंनी 1888 पासून चालवलेल्या मासिकाचे नाव ‘अँटी-कास्ट’ म्हणजे ‘जातिविरोधी’ असे होते. वर्णभेद हा निव्वळ कातडीच्या रंगाचा तिटकारा नसून जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारी व्यवस्था आहे, असे निदान त्या नावातच सामावले होते. दुसरे स्थळ अधिक अवघड आहे. पंडिता रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने फिलाडेल्फियास गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. मद्यपानविरोधी ख्रिस्ती स्त्रीसंघाच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड यांचे आणि त्या संघटनेचे त्यांना मोठे आकर्षण वाटले, व 1889 मधील ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथाद्वारे त्या स्त्रीसंघटनेची ओळख मराठी वाचकांना झाली. त्याच विलर्ड यांनी 1890 मधील एका मुलाखतीत दक्षिणेतील गोऱ्यांच्या भूमिकेबद्दल सहानुभूती दाखवून कृष्णवर्णीय पुरुषांना मद्यासक्त आणि स्त्रियांना धोकादायक ठरवले होते. विलर्ड इंग्लंडमध्ये मानाच्या पाहुण्या असतानाच, 1894 मध्ये, वेल्स यांनी ती मुलाखत तेथे पुन्हा प्रसिद्ध करविली. सुधारणेच्या एका क्षेत्रात खरोखर मोठी असलेली व्यक्ती दुसऱ्या क्षेत्रात अन्यायाला आधार देऊ शकते, आणि तिच्या मोठेपणाची भीड न धरता ते दाखवणे हे सत्यशोधनाचेच काम आहे. जी लेखिका मित्रपक्षातील थोरांनाही पुराव्याच्या कसोटीतून सूट देत नाही, तिला आंधळी पक्षपाती म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप स्वभावाविषयीचा आहे. वेल्स या तापट, तडजोड न करणाऱ्या आणि संघटनेत न रमणाऱ्या होत्या, त्यामुळे त्यांनी स्वतःच्याच कार्याची हानी केली, असे म्हटले जाते. त्यांचे अनेक सहकाऱ्यांशी मतभेद झाले आणि त्यांच्या शब्दांना धार होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण या आक्षेपाचे वजन ठरवताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एक, त्या काळी मवाळ धोरणाचे फळ काय मिळाले. आणि दुसरी, वेगळे पडणे त्यांनी स्वतः पत्करले की त्यांना वेगळे पाडले गेले. मवाळ धोरणाचे प्रमुख प्रवक्ते बुकर टी. वॉशिंग्टन यांनी 1895 च्या अटलांटा येथील भाषणात सामाजिक समतेची मागणी बाजूला ठेवून उद्योगशिक्षणावर भर दिला; त्यानंतरच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य करून भेदाला घटनात्मक कवच दिले आणि झुंडीच्या हत्याही थांबल्या नाहीत. मॉस आणि त्यांचे सहकारी तर उद्योगशिक्षणाच्या उपदेशाप्रमाणेच काटकसरीने दुकान चालवणारे होते, आणि मारले गेले ते नेमके दुकान चालले म्हणून. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 1909 च्या घटनांत मिळते. कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या आवाहनावर वेल्स यांची सही होती, पण तिच्या चाळीस जणांच्या समितीतून त्यांचे नाव प्रथम वगळण्यात आले आणि नंतर ते घालण्यात आले. 3 मार्च 1913 रोजी वॉशिंग्टनमधील स्त्रीमताधिकाराच्या मिरवणुकीत त्यांना मागच्या बाजूला वेगळे चालण्यास सांगण्यात आले. ते न मानता त्या इलिनॉय राज्याच्या तुकडीत जाऊन सामील झाल्या. ज्याला रांगेच्या शेवटी उभे राहण्यास सांगितले जाते, त्याच्या ठामपणाला कटकट म्हणण्याचा अधिकार रांग लावणाऱ्यांना पोचत नाही. त्यातही ज्यांना संघटनेत रमता येत नाही असे म्हटले गेले, त्याच वेल्स यांनी 1910 मध्ये शिकागोत ‘नीग्रो फेलोशिप लीग’ आणि 1913 मध्ये ‘अल्फा सफ्रेज क्लब’ उभा केला होता.

चौथा आक्षेप फलिताचा आहे. वेल्स यांच्या हयातीत लिंचिंगविरोधी संघीय कायदा झाला नाही. 1922 मध्ये डायर विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडवले गेले, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेली सुमारे 200 विधेयके अशीच वाया गेली, आणि अखेर लिंचिंगचा बळी ठरलेल्या एमेट टिल याच्या नावाचा कायदा झाला तो मार्च 2022 मध्ये, वेल्स यांच्या मृत्यूनंतर 91 वर्षांनी. म्हणून त्यांचे कार्य थोर पण निष्फळ होते, असे सहानुभूतीनेही म्हटले जाते. या म्हणण्यात चूक अशी की, ते अडवणाऱ्यांच्या कृत्याचा हिशेब लढणाऱ्यांच्या खाती लिहिते. जेथे वेल्स यांना निर्णय करणाऱ्यापुढे उभे राहण्याची संधी मिळाली तेथे काय घडले, ते इलिनॉयमधील केरो या गावच्या प्रकरणात दिसते. कैदी जमावाच्या हाती पडल्यास शेरिफचे पद रिकामे होईल, असा कायदा त्या राज्याने 1905 मध्ये केला होता. 1909 मध्ये केरो येथे अशी हत्या झाल्यावर पदच्युत शेरिफ फ्रँक डेव्हिस यांनी पुनर्नियुक्तीची मागणी केली, तेव्हा वेल्स यांनी स्वतः गावी जाऊन तथ्ये गोळा केली आणि गव्हर्नर चार्ल्स डिनीन यांच्यापुढे युक्तिवाद केला. पुनर्नियुक्ती नाकारली गेली. त्या वकील नव्हत्या आणि त्यांच्यापाशी कोणते पदही नव्हते. त्यांच्याजवळ होती ती जागेवर जाऊन केलेली चौकशी.

याच पद्धतीचा उत्तरकालीन आविष्कार आर्कान्सामध्ये दिसतो. 1919 मध्ये एलेन परिसरातील कृष्णवर्णीय खंडकऱ्यांनी कापसाचा रास्त भाव मिळावा म्हणून संघटना केली, त्यावरून मोठे हत्याकांड झाले, आणि फाशीची शिक्षा मात्र बारा कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनाच ठोठावण्यात आली. वेल्स यांनी तुरुंगात जाऊन त्यांच्या जबान्या घेतल्या आणि 1920 मधील पुस्तिकेत खटल्याबरोबर त्यांच्या शेतातील पिकांचाही हिशेब मांडला, कारण दंगलीचे मूळ त्या कापसात होते. त्या बारा जणांची सुटका घडवून आणण्याचे श्रेय वकील सिपियो जोन्स आणि राष्ट्रीय संघटनेचे आहे, हे स्पष्ट नमूद केले पाहिजे. 1923 च्या मूर विरुद्ध डेम्प्सी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या दडपणाखाली चालवलेला खटला हा खटलाच नव्हे, असे तत्त्व मान्य केले आणि 1925 पर्यंत ते बाराही जण मुक्त झाले. मेम्फिसच्या दुकानापासून एलेनच्या शेतापर्यंत वेल्स जे सांगत होत्या ते एकच होते : झुंडीची हिंसा आंधळी नसते, तिच्या मागे बाजारपेठ, जमीन आणि मतपेटी यांचा हिशेब असतो, आणि तो हिशेब उघड केल्याशिवाय नुसत्या दयाबुद्धीने ती थांबत नाही.

आता मंडनाचा भाग थोडक्यात सांगता येतो. पक्ष घेतल्याने लेखन दूषित होते काय, याचे उत्तर लेखक पुराव्याशी कसा वागतो यावर अवलंबून असते. आणि वेल्स यांचे वर्तन या बाबतीत तीन गोष्टींनी सिद्ध होते. त्यांनी स्वतःचे पूर्वीचे मत पुराव्यापुढे सोडून दिले, आकडे घेतले ते प्रतिपक्षाच्या दप्तरातून, आणि मित्रपक्षातील थोरांनाही त्याच मापाने मोजले. यांपैकी एकही गोष्ट त्या काळच्या तटस्थ म्हणवणाऱ्या पत्रांनी सातत्याने केली नाही. 2020 मध्ये पुलित्झर मंडळाने त्यांच्या वार्तांकनासाठी विशेष गौरव जाहीर केला तेव्हा पत्रकारितेच्या जगाने, फार उशिरा का होईना, हेच मान्य केले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या कार्याला आणखी एक अर्थ आहे. 1873 मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, आणि त्यांच्या उदाहरणाने आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना दास्यातून सोडवावे अशी आशा व्यक्त केली. ती अर्पणपत्रिका लिहिली गेली तेव्हा पुनर्रचनेचा काळ चालू होता आणि हॉली स्प्रिंग्जमधील आयडा दहा-अकरा वर्षांची होती. चारच वर्षांनी ते पर्व संपले, आणि मुक्तीनंतर मुक्त माणसांचे काय झाले ते 1895 च्या ‘अ रेड रेकॉर्ड’मधील कोष्टकांत नाव, गाव आणि दिनांकासह उतरले. ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेतील आशा खोटी नव्हती, परंतु कायद्याने दास्य संपले म्हणजे न्याय आला असे होत नाही, मिळालेल्या मुक्तीवर नोंदवही घेऊन पहारा ठेवावा लागतो, हा तिच्यापुढचा धडा वेल्स यांच्या लेखनात आहे. तो पहारा ज्यांनी जन्मभर केला त्यांना पक्षपाती म्हणून दूर ठेवणे म्हणजे त्या कोष्टकांतील माणसांची साक्ष दुसऱ्यांदा नाकारणे होय.